थंडीत झोपलेले बांबू

परवा सकाळी बादलीतलं पाणी हाताला चावलं, तेव्हा कळलं की थंडी आली. उस्मानपुऱ्यातली आमची खोली पश्चिमेला तोंड करून आहे. सकाळचं ऊन समोरच्या इमारतीवर पडतं आणि आम्ही ते खिडकीतून नुसतं बघतो. माझी रूममेट प्रणिता पलंगाखालची पेटी ओढून स्वेटर काढत होती. त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता.

"तुमच्याकडं हुरडा कधी?" तिनं विचारलं. "या वर्षी तरी ने ना गं. तू नुसतं सांगतेस."

मी म्हणाले, बघू. शहरातल्या सगळ्यांना हा ऋतू आवडतो. कोपऱ्यावर पेरूच्या गाड्या लागतात, चहाच्या टपरीवर गर्दी हलता हलत नाही, मुली मफलर कसा बांधायचा ते एकमेकींना दाखवतात. गेल्या वर्षापर्यंत मलाही आवडायचा. आता पहिला गारठा पडला की मला पिवळी पानं दिसायला लागतात. बांबूची पानं, टोकाकडून वाळत आलेली, सुरळी झालेली. हे कुणाला सांगावं असं वाटत नाही, आणि सांगितल्याशिवाय राहवतही नाही. म्हणून लिहिते आहे. नीट लिहिता येईल की नाही, माहीत नाही.

आमची वस्ती पिशोरपासून थोडी आत, डोंगराच्या अंगाला आहे. आम्ही मेंढरंवाले. माझे आजोबा मेंढरांमागं चालले, आबा चालले, आबांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे नाना, अजून चालतात. दिवाळी झाली की कळप घाट उतरून खानदेशात जातो. तिथले शेतकरी मोकळ्या रानात मेंढरं बसवून घेतात, लेंड्या आणि मुतानं जमिनीला खत मिळतं. पाऊस तोंडावर आला की कळप परत येतो. त्यामुळे माझ्या लहानपणच्या कुठल्याच थंडीत आबा नाहीत. शेकोटी आठवते, आईच्या लुगड्याला येणारा धुराचा वास आठवतो, ज्वारीच्या पानांवरचं दहिवर आठवतं, पण त्यात आबा नाहीत. थंडी म्हणजे आबा नसणं, असंच मला वाटायचं. मोठी झाल्यावर कळलं की बाकीच्यांच्या घरी तसं नसतं.

बांबूची कल्पना माझी होती. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. वनस्पतिशास्त्राच्या तासाला सरांनी बांबूवर शिकवलं, आणि मला आमच्या नाल्याकाठचा खडकाळ तुकडा दिसायला लागला. तिथं बाभळीशिवाय काही येत नव्हतं. मी आबांना म्हणाले, बांबू लावू. एकदा बेट धरलं की पुढं वर्षानुवर्षं फुटत राहतं. कळप नानांकडं द्या, तुम्ही घरी राहा. आबांचे गुडघे तेव्हाच दुखायला लागले होते. ते उठताना काठीवर जोर देत आणि आम्ही बघतोय असं वाटलं की उगाच काठीनं माती उकरत.

त्यांनी काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "तू शिकायलीस म्हंजी काही बघूनच म्हनत असशील."

शहराबाहेरच्या एका नर्सरीतून मी चाळीस रोपं आणली. काळ्या पिशव्यांतली, हातभर उंचीची, कोवळी हिरवी. पावसाळ्यात आबांनी खड्डे घेतले. मी दोरी धरून अंतर मोजत होते आणि ते मी सांगेन तिथं पहार मारत होते. आयुष्यात पहिल्यांदा मी बोट दाखवत होते आणि मोठी माणसं त्याप्रमाणं करत होती. तेव्हा मला किती बरं वाटलं, ते लिहायला आज लाज वाटते.

दिवाळीनंतर कळप निघाला. नाना पुढं, काकू घोड्यावर सामान बांधून मागं. आबा घरी राहिले. गाभण आणि लेकुरवाळ्या वीसेक मेंढ्या तेवढ्या मागं ठेवल्या, त्या अशाही चालू शकत नाहीत. वस्तीवरचे लोक आबांना चिडवायचे. "काय हो, लेकीनं बसवलं का खाली?" "मेंढरं सोडून काड्या राखायले का?" आबा म्हणायचे, "काड्या नाय त्या, बांबू हाये." एवढंच. पण ते म्हणताना त्यांची मान थोडी वर व्हायची, असं आईनं मला सांगितलं.

आईची वेगळीच तक्रार होती. "लग्नाला चोवीस वर्सं झाली, ह्यो मानूस मला थंडीचा घरात ठावंच नाय," ती फोनवर म्हणायची. "दिसभर चुलीपाशी बसतंय अन् माझी लाकडं संपवतंय. भाकर थापताना पाय मधी. सांग तुझ्या बापाला, जरा बांबूत जाऊन बस म्हनावं." मागून आबा काहीतरी बोलायचे, ती फोन दूर धरून हसायची. आईचं तसं हसणं मी आधी ऐकलं नव्हतं. ते दोघं त्या थंडीत नवीनच संसार मांडल्यासारखे वागत होते. मी खोलीवर बसून ऐकायचे आणि मनात म्हणायचे, हे माझ्यामुळं.

डिसेंबरात गारठा वाढला. आमच्याकडं घाटाचा वारा सरळ अंगावर येतो. आबांनी वाऱ्याच्या बाजूनं प्रत्येक रोपाला तुराट्यांचा आडोसा केला, कुणी न सांगता. मेंढीला थंडी वाजते ती कुठल्या बाजूनं, हे त्यांना कळतं. रोपालाही तसंच असणार, असं त्यांना वाटलं असावं. बुडाशी गळून पडलेली पानं त्यांनी तशीच राहू दिली होती. हे सगळं बरोबर होतं. तेव्हा मला ते बरोबर आहे हेसुद्धा माहीत नव्हतं.

आमच्या प्रात्यक्षिक परीक्षा चालू होत्या. तोंडी परीक्षेसाठी मी व्हरांड्यात रांगेत उभी होते, हातात फाईल, पुढं दोन मुली. फोन आला.

"बाई, पानं पिवळी पडायलीत गं," आबा म्हणाले. "शेंडे बी वाळल्यावानी दिसायलेत."

"सगळ्यांची?"

"सगळ्यायची. वाढ बी थांबली. काय करावं?"

पुस्तकात पिवळ्या पानांसमोर नायट्रोजनची कमतरता असं लिहिलेलं असतं. ते मी आदल्याच दिवशी पाठ केलं होतं. मी म्हणाले, "खत कमी पडतंय आबा. लेंडीखत घाला. आणि रोज पाणी द्या."

"थंडीचं रोज पानी?"

"हो."

"अन् लेंडी कोनची? ताजी का?"

जुना कुजलेला ढीग पेरणीआधीच रानात गेला होता. वाड्यात होती ती त्या वीस मेंढ्यांखालची, ओली, ताजी. मला हे माहीत होतं. म्हणजे आठवलं असतं तर माहीत होतं. पण माझ्या पुढची मुलगी आत गेली होती आणि शिपाई माझं नाव घेत होता. आणि खरं सांगायचं तर ताजी की कुजलेली यानं काय फरक पडतो, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. मी म्हणाले, "असेल ती घाला, आबा. मला आत बोलावतायत."

"बरं, बरं. तू जा. पेपर नीट दे."

आत मला दोन प्रश्नांची उत्तरं आली नाहीत आणि मी तसं सांगून टाकलं. कॉलेजात ते जमतं. तिथं न येणाऱ्यांतलीच मी एक. घरी तसं नाही. घरी मोबाईलवरचा मेसेज मी वाचायचा, औषधाच्या बाटलीवरचं मी वाचायचं, बँकेतला कागद मी भरायचा. कागदावर काय लिहिलंय ते मला अर्धं कळलेलं असलं तरी चेहरा पूर्ण कळल्याचा ठेवायचा. आमच्यासारख्या घरांतून पहिल्यांदा शिकायला आलेल्या मुलामुलींना ही सवय लागते. कुणी आपल्याला खोटं बोलायला लावलेलं नसतं. समोरच्याच्या डोळ्यांत एवढा विश्वास असतो, की तो मोडायचा धीर होत नाही.

परीक्षा संपल्यावर गावी गेले. एसटीतून उतरून थेट नाल्याकडं. जवळजवळ प्रत्येक रोपाभोवती लेंड्यांचं गोल आळं केलेलं होतं, हातानं थापून, नीटनेटकं. पाण्यानं काळं झालेलं. हवेत असा तिखट वास, की डोळ्यांत पाणी यावं. आबा एका रोपापाशी उकिडवे बसले होते. पानं आता पिवळीही नव्हती, कडबा असतो तशा रंगाची झाली होती.

मी वाकून लेंडीवर हात ठेवला. गरम होती. थंडगार सकाळ, आणि हाताखाली चुलीच्या राखेसारखी ऊब.

आबा माझ्या तोंडाकडं बघत होते. म्हणाले, "गरम हाये. कोकरू निजंल आशी."

मी म्हणाले, "छान केलंय, आबा. आता धरतील."

हे वाक्य मला या वर्षभरात कितीदा आठवलं असेल. ते माझ्या तोंडाकडं का बघत होते, हे मी तेव्हा विचारायला हवं होतं.

महिनाभरात चाळीसपैकी अडतीस रोपं गेली. शेवटची दोन वाचली, कारण नाल्याच्या टोकापर्यंत लेंडी पुरली नाही. आबांनी ती दोन नुसती तुराट्यांच्या आडोशाला ठेवली होती. मी मेलेल्यांतलं एक रोप मुळासकट उपटलं, पोत्याच्या तुकड्यात गुंडाळलं आणि शहराबाहेरच्या त्याच नर्सरीवाल्या चाचांकडं नेलं. चाचांचं वय झालंय, ते खुर्चीवर बसूनच रोपं विकतात. त्यांनी नखानं काडी खरवडली. आत तपकिरी. मुळं बघितली, बोटांनी चुरगाळली, वास घेतला.

"क्या डाले थे इसमें?"

"लेंडी. मेंढ्यांची."

"ताजी?"

मी मान डोलावली.

"अरे बेटी," ते म्हणाले, "मरा नै था ये. सोया था. ठंडी में ये पत्ते पीले करता, बढ़ना बंद कर देता. पानी भी कम पीता. इसकू छोड़ देना था वैसाच. गर्मी आयी की ख़ुद उठता. सोते हुए को उठा के खिलाये तुम लोगां, वो भी जलता हुआ." मग माझा चेहरा बघून जरा हळू आवाजात म्हणाले, "किसने बोला था डालने कू? घर में कोई बड़े-बूढ़े नै क्या पूछने को?"

मी म्हणाले, "आहेत."

"पूछे नै उनकू?"

मी पोत्याच्या तुकड्याची घडी घालायला लागले. त्यांनी ते रोप बाजूला ठेवलं आणि दुसरं गिऱ्हाईक बघायला लागले.

गावी जाणाऱ्या एसटीत मी सगळं ठरवलं होतं. वाटेतल्या एका थांब्यावर गाडी बराच वेळ थांबली होती, तेव्हा वाक्यंसुद्धा जुळवली होती. आबा, माझं चुकलं. ताजं खत घालायला नको होतं, मला माहीत नव्हतं आणि मी माहीत असल्यासारखं सांगितलं. एवढंच. घरी पोचले तर अंगणात वस्तीवरची चार माणसं बसलेली. एकजण म्हणत होता, "अहो, मेंढरं राखनाऱ्यायनं झाडाच्या नादी लागावंच कशाला? हाताला गुन पाहिजे. तुमच्या हातानं जळाली ती." आबा हसत होते, ओठांनी नुसते. मी आल्याचं पाहून म्हणाले, "आली बघा माझी लेक. तिला इचारा. काय म्हनले गं नर्सरीवाले?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. आईही दारात आली.

मी म्हणाले, "थंडीनं गेली."

"हां," आबा त्या माणसाला म्हणाले. "आइकलं का? थंडीनं गेली. यंदा थंडी लई व्हती."

त्यांच्या आवाजात सुटका होती असं मला वाटलं, आणि मी स्वतःला सांगितलं की झालं ते बरंच झालं. त्यांच्यावरचा आळ गेला. माझ्यावर आला नाही. थंडी काही उत्तर द्यायला येणार नव्हती. खोटं एवढं सोयीचं असेल तर माणूस त्याला खोटं म्हणत नाही, समजूतदारपणा म्हणतो. मीही तेच म्हटलं.

पण पाऊस पडला आणि त्या दोन रोपांना कोंब आले. बोटाएवढे जाड, जमिनीतून सरळ वर, खोळ गुंडाळलेले. आठवड्यात कमरेएवढे झाले. आईनं कौतुकानं फोटो काढायला लावला. मी बघत होते आणि मला चक्क वाटत होतं, हीही मरायला हवी होती. कारण थंडी चाळीसांवर सारखीच पडली होती. वारा त्या टोकाला जास्तच होता. ज्याला डोळे आहेत त्यानं एवढं बघितलं की बाकी काही विचारायची गरज नव्हती, आणि आबांना डोळे आहेत. शंभर मेंढरांत एक लंगडली तर त्यांना लांबून दिसतं. ते रोज त्या दोन बेटांपाशी जाऊन उभे राहायचे. मला कधी काही म्हणाले नाहीत.

या दिवाळीला कळप निघायची तयारी सुरू झाली, आणि आबांनी आपली काठी नानांच्या काठीशेजारी लावून ठेवलेली मी पाहिली. आई सकाळपासून भाकरी थापत होती, गरजेपेक्षा जास्त, वाटेसाठी. मी म्हणाले, आबा कशाला जातायत, गुडघे बघ त्यांचे. ती तव्यावरून नजर न काढता म्हणाली, "मग काय करतील? दोन बांबूला राखन बसतील का?"

आबा वाड्यात होते. एका मेंढीचा पाय मांडीवर घेऊन खुरातला काटा काढत होते. मी समोर जाऊन बसले.

"आबा, ती रोपं थंडीनं नाही गेली."

"ठावं हाये," ते म्हणाले.

मला वाटलं होतं, निदान ते चमकतील.

"कधीपासून?"

"घातली त्याच दिशी. चार दिवसांनी हात लावला तर चटका बी बसला. ताजी लेंडी जाळती, ही काय नवी गोष्ट हाये का? आपल्या वाड्यात गवत बी उगवत नाय."

"मग घातलीत कशाला?"

त्यांनी काटा काढला, बोटावर ठेवून बघितला, टाकून दिला. "तू म्हनली."

"पण तुम्ही बोलायचं ना, आबा. म्हणायचं, असं नसतं म्हणून."

"इचारलं की. तू आली तवा दाखवली बी. तू छान म्हनली." मेंढीचा पाय त्यांनी हळू खाली सोडला. "मला वाटलं, आपल्याला दिसतंय त्याच्या पल्याडचं तुला दिसत असंल. त्यासाठीच तर धाडलं तुला."

त्यात राग नव्हता. राग असता तर मी रडले असते आणि मोकळी झाले असते. ते ज्या सुरात मेंढ्यांच्या दुखण्याबद्दल बोलतात त्याच सुरात बोलत होते. मी म्हणाले, माझं चुकलं. ते म्हणाले, "असू दे. त्या दुसऱ्या मेंढीला जरा धर." मी धरली. तिच्या अंगाची ऊब माझ्या हातांना लागत होती.

चौथ्या दिवशी ते घाट उतरून गेले. आई पुन्हा एकटी चुलीपाशी बसते. फोन केला की म्हणते, लाकडं पुरतात आता.

मी विचार करते, की शिकून मी नेमकं काय केलं. एक माणूस होता, त्याला मेंढरांचं आणि मातीचं सगळं कळत होतं. मी त्याला काही नवं शिकवलं नाही. त्याला जे येत होतं त्यावरचा त्याचा भरवसा तेवढा मी काढून घेतला. आणि त्याच्या जागी ठेवायला माझ्याकडं काही नव्हतं. कुणी म्हणेल, दुसऱ्यांदा लावा की बांबू. आईलाही मी विचारून पाहिलं. ती म्हणाली, त्यांना इचार. मी अजून विचारलेलं नाही.

आज दुपारी आबांचा फोन आला. मागं मेंढरांच्या घंटा वाजत होत्या, वारा होता. कुठल्यातरी केळीच्या बागेशेजारी उतरले आहेत म्हणाले. मग म्हणाले, एका कोकराच्या डोळ्यातून पाणी गळतंय, पांढरं पडल्यासारखं दिसतंय, काय घालावं?

माझ्या जन्माआधीपासून आबा कोकरांचे डोळे बरे करत आले आहेत. कुठला पाला चोळायचा, किती दिवस, हे वस्तीवरचे लोक त्यांना विचारायला येतात. मोबाईल माझ्या हातातच होता. दोन मिनिटांत शोधून काहीतरी सांगता आलं असतं, औषधाचं नावही सांगता आलं असतं.

मी म्हणाले, "मला माहीत नाही, आबा. तुम्हाला माहीत आहे."

पलीकडं घंटा आणि वारा ऐकू येत होता. मला वाटलं त्यांना नीट ऐकू गेलं नाही.

"आबा?"

"हां," ते म्हणाले. आणि मग, अगदी हळू, "मग आता कुनाला इचारू गं?"